चाहता चार पायांचा

छत्तीसगडमधल्या भिलाईच्या दक्षिणेला उतई आहे. दुर्ग जिल्ह्यातलं हे नगरपंचायतीचं गाव बाहेरच्यांना ठाऊक असलंच तर तिथल्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या प्रशिक्षण केंद्रामुळे. तिथून दक्षिणेकडे जात राहिलं की बालोद जिल्हा लागतो. २०१२पर्यंत तोही दुर्गचाच भाग होता. भिलाईच्या पोलादाच्या भट्ट्यांना लागणारं लोहखनिज ज्या दल्ली-राजहराच्या खाणींतून येतं, त्या याच बालोद जिल्ह्यात आहेत. आणि याच जिल्ह्यात खपरी नावाच्या गावी एका कुत्र्याचं देऊळ आहे.

देऊळ म्हणजे रस्त्याकडेची शेंदूर फासलेली घुमटी नव्हे. चौदाव्या-पंधराव्या शतकातलं, फणी नागवंशी राजवटीतलं ते दगडी शिवमंदिर आहे आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याने त्याला संरक्षण दिलेलं आहे. गाभाऱ्यात रीतसर शिवलिंग आहे. तरीही पंचक्रोशीत त्याला महादेवाचं देऊळ कोणी म्हणत नाही. त्याचं नाव कुकुरदेव मंदिर. कुकुर म्हणजे कुत्रा. कुत्र्याच्या मूर्ती दाराशी आहेत आणि आतही आहे. येणारा माणूस महादेवाला हात जोडतो, पण तो मुळात आलेला असतो कुत्र्याकडे. इथे दर्शन घेतलं की डांग्या खोकला जातो आणि कुत्रा चावल्याची बाधा होत नाही, अशी श्रद्धा आहे. (कुत्रा चावलाच तर जखम साबणाने धुऊन आधी दवाखाना गाठावा आणि रेबीजची लस पूर्ण करावी. कुकुरदेवाला उशीर झालेला चालतो, रेबीजला चालत नाही.)

शिवाच्या देवळात शिवाकडे टक लावून बसण्याचा मान नंदीचा. भारतीय शिल्पकलेतला सर्वांत चिकाटीचा चाहता तोच. गेली हजारएक वर्षं तो एकाच दिशेला बघतो आहे आणि एकदाही उठून गेलेला नाही. मग खपरीत कुत्र्याने त्याच्यापुढे नंबर कसा लावला? त्याचं उत्तर ज्या गोष्टीत आहे, ती थोडी रडवते आणि नीट ऐकली तर बरंच काही शिकवते.

तारण ठेवलेला कुत्रा

एक बंजारा होता. त्याचा एक कुत्रा होता. दुष्काळ पडला, बंजारा कर्जात बुडाला. सावकाराकडे तारण ठेवायला त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं, म्हणून त्याने कुत्राच ठेवला. काही दिवसांनी सावकाराकडे चोरी झाली. चोरांनी माल जवळच्या तळ्यात लपवला, ते कुत्र्याने पाहिलं. सकाळी सावकाराचं धोतर तोंडात धरून त्याने त्याला तळ्यापर्यंत ओढत नेलं. सगळा माल जसाच्या तसा मिळाला. सावकार खूश झाला. त्याने चिठ्ठी लिहिली की तुझ्या कुत्र्याने कर्ज फेडलं आहे. ती कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला मालकाकडे परत पाठवलं. इकडे बंजाऱ्याने कुत्र्याला लांबून येताना पाहिलं. हा पळून आला, याने माझा शब्द मोडला, या रागात त्याने काठी घातली. कुत्रा मेल्यावर चिठ्ठी वाचली. मग पश्चात्ताप, मग समाधी, आणि मग देऊळ.

ही गोष्ट खपरीला घडली असं खपरीचे लोक सांगतात. मध्य प्रदेशातल्या डिंडोरी जिल्ह्यात कुकर्रामठ नावाचं गाव आहे. तिथेही एक जुनं शिवमंदिर आहे, तिथल्या महादेवाचं नाव ऋणमुक्तेश्वर आहे आणि तिथेही बंजारा, सावकार, चिठ्ठी आणि काठी आहे. लोककथांची जगभरची सूची बनवणाऱ्या अभ्यासकांनी तर ‘कर्जापोटी तारण ठेवलेला इमानी कुत्रा’ असा या कथेचा वेगळा खणच करून ठेवला आहे. म्हणजे हा कुत्रा बऱ्याच ठिकाणी मेला आहे.

याचं कारण बंजारे. रेल्वे येण्याआधी मध्य भारतात मीठ आणि धान्य हलत होतं ते बंजाऱ्यांच्या लमाणी बैलांवर. हजारो बैलांचे तांडे दख्खनपासून गंगेच्या खोऱ्यापर्यंत जात. मुघल फौजांच्या रसदेची कामंही त्यांच्याकडे असत. रात्री माळावर गोण्यांची रास लावून तांडा झोपला की जागा राहायचा तो कुत्रा. बंजाऱ्याची सगळी पत त्या जनावरावर उभी होती. तेव्हा कुत्रा तारण ठेवण्याची कल्पना आज गमतीची वाटली तरी त्या धंद्यात तिला अर्थ होता. तांडा जिथे जिथे थांबला तिथे गोष्ट थांबली. जिथे आधीच जुनं ओस देऊळ होतं, तिथे गोष्टीला घर मिळालं.

कथेत दोन गोष्टी नजरेत भराव्यात अशा आहेत. पहिली अशी की आपल्या लोककथेत सावकार चांगला निघतो असे प्रसंग शोधावे लागतात. इथे तो कर्ज माफ करून वर दाखलाही देतो. दुसरी अशी की देऊळ बांधणारा आणि काठी घालणारा माणूस एकच आहे. निष्ठेची किंमत वेळेवर कळली असती तर कुत्र्याला भाकरी मिळाली असती. उशिरा कळली, म्हणून शिल्प मिळालं.

या प्रकरणाचं म्हणणं इथूनच सुरू होतं. माणसाने दगडात, रंगात, पितळेत, नाटकात कुत्रा आणला, तेव्हा बहुतेक वेळा त्याने जनावराचं चित्र काढलेलंच नाही. त्याने चाहत्याचं चित्र काढलं आहे: आपल्याकडे टक लावून बघणारा, आपली वाट पाहणारा, हिशेब न मागणारा कोणीतरी. असा चाहता आपल्याला मिळावा ही प्रत्येक मालकाची, राजाची, गवयाची आणि कंपनीची इच्छा असते. दोन पायांवर तो सापडत नाही, म्हणून चार पायांवर उभा करावा लागतो.

संत आणि हॉटेलवाला

तारणाच्या कथेची थोरली बहीण पंचतंत्रात आहे. ब्राह्मणाच्या घरी पाळलेलं मुंगूस, पाळण्याजवळ आलेला साप, रक्ताने माखलेलं मुंगसाचं तोंड आणि घाईने घातलेला घाव. ही कथा पश्चिमेकडे निघाली तेव्हा वाटेत मुंगसाचा कुत्रा झाला. मूल तेच, साप तोच, घाईही तीच.

तेराव्या शतकात फ्रान्समध्ये लिओं शहराच्या उत्तरेला एतिएन द बूर्बों नावाचा धर्मगुरू लोकांची पापं ऐकत फिरत होता. बायका त्याला सांगू लागल्या की आम्ही आजारी मुलं संत गिनफोरच्या झाडीत नेतो. कोण हा संत म्हणून त्याने चौकशी केली, तर तो निघाला शिकारी कुत्रा. सापापासून मूल वाचवून मालकाच्या हातून मेलेला. धर्मगुरूने त्याची हाडं उकरून जाळवली, झाडी तोडायला लावली आणि तसं लिहूनही ठेवलं. एवढ्याने चाहते आवरले असते तर प्रश्नच नव्हता. त्यानंतरची काही शतकं आयांनी मुलांना तिथे नेणं चालूच ठेवलं. बंदीने श्रद्धा संपत नाही. फार तर तिचा पत्ता लेखी स्वरूपात पुढच्या पिढ्यांना मिळतो.

वेल्समधल्या बेथगेलर्ट गावात हाच कुत्रा गेलर्ट नावाने पुरलेला आहे, निदान तशी शिळा तिथे आहे. इथे कुत्रा राजपुत्र लेवेलिनचा आणि साप नसून लांडगा. अठराव्या शतकाच्या अखेरीस डेव्हिड प्रिचर्ड नावाच्या हॉटेलवाल्याने प्रवाशांची वर्दळ वाढावी म्हणून ही समाधी रचली असं मानलं जातं. त्याच्या हॉटेलचं नाव होतं रॉयल गोट, म्हणजे शाही बकरा. बकऱ्याचा धंदा कुत्र्याने चालवला. लोक आजही जातात, उभे राहतात, डोळे पुसतात. त्यांचं रडणं मात्र खोटं नसतं. समाधी नकली असली तरी काठी घालून मग चिठ्ठी वाचण्याचा अनुभव प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी घडलेला असतो.

कर्ण्यासमोरचा श्रोता

आता असा कुत्रा, ज्याला महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांनी घराघरात पाहिलं. ग्रामोफोनच्या कर्ण्यात कान लावून, मान तिरकी करून बसलेला. इंग्रजी अक्षरं वाचता न येणाऱ्यालाही तबकडीवरचं ते चित्र ओळखता येई. त्याचं नाव निपर.

निपरचा जन्म १८८४मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला झाला. त्याचा पहिला मालक मार्क बॅरो हा नाटकांचे पडदे रंगवायचा. तो वारल्यावर कुत्रा आला त्याचा भाऊ फ्रान्सिस बॅरो याच्याकडे, हाही चित्रकार. निपर १८९५मध्ये मेला. त्यानंतर तीनेक वर्षांनी फ्रान्सिसने आठवणीतून चित्र काढलं. फोनोग्राफ ऐकणारा कुत्रा. फोनोग्राफ म्हणजे एडिसनचं यंत्र, मेणाच्या नळकांड्यावर आवाज कोरणारं. ते चित्र त्याने फोनोग्राफ विकणाऱ्या कंपनीला दाखवलं. कुत्रे फोनोग्राफ ऐकत नाहीत, असं सांगून त्यांनी ते नाकारलं, असं सांगतात. व्यवहाराच्या इतिहासात इतकं खरं आणि इतकं महाग पडलेलं वाक्य क्वचितच सापडेल.

मग १८९९मध्ये बॅरो गेला ग्रामोफोन कंपनीकडे, चित्रातल्या काळ्या कर्ण्याच्या जागी रंगवायला पितळी कर्णा उसना मागायला. तिथला व्यवस्थापक विल्यम बॅरी ओवेन म्हणाला की नुसता कर्णा कशाला, आमचं अख्खं यंत्रच रंगव, चित्र आम्ही घेतो. बॅरोने फोनोग्राफवर रंग फासून ग्रामोफोन काढला. कंपनीने चित्राचे ५० आणि हक्काचे ५०, असे १०० पौंड दिले. मूळ कॅनव्हासवर विशिष्ट उजेडात खालचं जुनं यंत्र आजही पुसटसं दिसतं म्हणतात. पुढे बॅरोने याच चित्राच्या २४ प्रती कंपनीसाठी काढल्या. उरलेलं आयुष्य तो एकाच कुत्र्याचा चित्रकार राहिला.

या दुरुस्तीत एक मोठी गंमत दडलेली आहे. चित्राचा सगळा हृद्य भाग असा की वारलेल्या धन्याचा आवाज यंत्रातून येतो आहे आणि कुत्रा तो ओळखतो आहे. फोनोग्राफवर हे घडू शकत होतं, कारण त्यावर घरच्या घरी आवाज भरता येत असे. ग्रामोफोनवर येत नसे. त्यावर फक्त कंपनीने छापलेली, दुकानातून विकत आणलेली तबकडी वाजायची. म्हणजे यंत्र बदललं त्या क्षणी निपर आपल्या धन्याचा आवाज ऐकेनासा झाला आणि बाजारातली तबकडी ऐकू लागला. भक्त होता, त्याचं गिऱ्हाईक झालं. चित्राखालचे शब्द मात्र तेच राहिले, ‘हिज मास्टर्स व्हॉइस’. चाहत्याचं भाबडं प्रेम आणि कंपनीचा गल्ला यांचं नातं इतक्या सुबकपणे दुसऱ्या कुठल्या चित्राने सांगितलेलं नाही.

चाहते पुढे चित्रातही भर घालू लागले. यंत्राखालची चकचकीत लाकडी फळी म्हणजे धन्याची शवपेटी आहे, अशी वदंता पसरली. चित्रकाराने तसं काही काढलेलं नव्हतं. पण कलाकृती एकदा चाहत्यांच्या हाती गेली की तिच्यात काय आहे हे ठरवण्याचं काम कलावंताकडे राहत नाही.

राहिली ती तिरकी मान. घरातल्या कुत्र्याचं नाव घेतलं की तोही तशीच करतो. हंगेरीतल्या संशोधकांनी २०२१मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळण्यांची नावं चटकन शिकणारे कुत्रे नाव ऐकल्यावर ४३ टक्के वेळा मान तिरकी करत होते. सर्वसाधारण कुत्र्यांत हे प्रमाण २ टक्के होतं. म्हणजे आठवणीतून काहीतरी शोधताना मान कलत असावी. बॅरोला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने फक्त आपला कुत्रा नीट पाहिला होता.

टिपू मियाँचा षड्ज

निपर नुसता श्रोता. आपल्याकडे एक कुत्रा थेट व्यासपीठावर चढला.

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कर्मभूमी मिरज, पुणे, बेळगाव. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने त्यांची मुलं. आवाज असा की सुराला धक्काही न लावता तो श्रोत्याला गप्प करी. त्यांच्याकडे एक कुत्रा होता, नाव टिपू मियाँ. खाँसाहेबांनी त्याला सुरात सूर मिळवायला शिकवलं होतं आणि लोकांसमोर त्याला बसवून ते ऐकवतही, अशा हकिगती त्यांच्या चरित्रकारांनी नोंदल्या आहेत.

हे ऐकून कोणी हसतं, कोणी नाक मुरडतं. पण हसण्याआधी कुत्र्याच्या अंगाने विचार करावा. लांब, स्थिर, न थरथरणारा स्वर ऐकला की कुत्र्याला साद घालावीशी वाटते. रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला की आळीतली सगळी कुत्री जे करतात तेच. लांडग्यांचा कळप एकत्र सूर लावून ओरडतो तीच ही सवय. खाँसाहेबांच्या गाण्याचं सगळं वैभव त्या लांबवलेल्या, ठहरावाच्या स्वरात होतं. म्हणजे टिपू मियाँ हा त्यांच्या गायकीचा सर्वांत नैसर्गिक रसिक ठरतो. फरक एवढाच की इतर रसिक मान डोलवून थांबत, याला थांबता येत नसे. शिवाय त्याने कधी मैफल अर्ध्यात सोडून चहाला उठण्याचा अपराध केला नसावा.

खाँसाहेब १९३७मध्ये मद्रासकडच्या प्रवासात वारले; मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. तिथे दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. किराण्याच्या रसिकांची वंशावळ मांडताना टिपू मियाँचं नाव शिष्यांच्या यादीत घालायचं की श्रोत्यांच्या, यावर मिरजेत आजही दोन मतं पडू शकतील.

देवाची कुत्री

कुत्र्याच्या आडून चाहता दाखवणं ही झाली एक तऱ्हा. महाराष्ट्राने याच्याही पुढचं पाऊल टाकलं. इथे चाहताच कुत्रा झाला.

जेजुरीचा खंडोबा घोड्यावर बसतो. देवघरातल्या टाकावर पाहिलं तर घोड्याच्या पायाशी कुत्रा असतो. मणी-मल्ल दैत्यांशी झालेल्या लढाईत तो देवाबरोबर होता. आणि खंडोबाचे वाघ्ये, जे नवसाने देवाला वाहिलेले असतात, ते स्वतःला या देवाची कुत्री मानत आले. हातात कोटंबा, खांद्याला भंडाऱ्याची पिशवी. जुन्या रीतीत वाघ्ये देवासमोर कुत्र्यासारखे भुंकत, कोटंब्यात वाढलेलं अन्न हात न लावता तोंडाने खात आणि त्यासाठी एकमेकांवर गुरगुरतही. कर्नाटकात मैलाराच्या, म्हणजे तिथल्या खंडोबाच्या दारी त्याचे गोरव भक्त हेच करतात. पुण्यात राहून खंडोबाचा माग काढणारे जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी या विधींवर आयुष्यातली बरीच वर्षं खर्च केली.

शहाण्यासुरत्या माणसाने भर देवळात भुंकावं हे बाहेरच्याला विचित्र वाटेल. पण आवडत्या संघाच्या सामन्यात तोंडाला रंग फासून पाच तास ओरडणारा, किंवा सिनेमाच्या पहिल्या खेळाला नटाच्या उंच पुतळ्यावर दूध ओतणारा माणूस जे करतो, ते वाघ्याने फार आधी आणि जास्त प्रामाणिकपणे केलं. आपण कोणाचे तरी आहोत, ही गोष्ट नुसती तोंडाने सांगून पटत नाही. ती अंगाने करून दाखवावी लागते, आणि करताना थोडी अब्रू बाजूला ठेवावी लागते. वाघ्या ती ठेवतो, म्हणून लोक त्याच्या पाया पडतात.

वाघ्या हेच नाव घेऊन रायगडावरही एक कुत्रा आहे. शिवाजी महाराजांच्या समाधीजवळच्या चौथऱ्यावर त्याचा पुतळा १९३६मध्ये बसला. महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली अशी दंतकथा. राम गणेश गडकऱ्यांनी आपलं अपुरं राहिलेलं ‘राजसंन्यास’ नाटक या कुत्र्याला अर्पण केलं होतं. समकालीन कागदपत्रांत या कुत्र्याचा उल्लेख सापडलेला नाही आणि त्यावरूनच वाद पेटले. २०११मध्ये पुतळा उखडण्यात आला, काही दिवसांत तो परत बसला. २०२५मध्ये तो हटवण्याची मागणी पुन्हा जोरात आली. एका बाजूचं म्हणणं असं की ज्याला पुरावा नाही त्याला महाराजांच्या शेजारी जागा नको. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की लोकांच्या मनातली निष्ठा हाच पुरावा. वादाच्या पोटात शिरून पाहिलं तर प्रश्न कुत्र्याचा नाहीच. महाराजांचा खरा चाहता कोण आणि त्यांच्या पायाशी बसण्याचा हक्क कोणाला, हा तो प्रश्न आहे. त्यामुळे तो पुतळ्यावर सुटणं कठीण.

मालक काढून घेतला तर?

हे म्हणणं तपासायची एक सोपी रीत आहे. चित्रातून मालक काढून टाकायचा आणि काय उरतं ते बघायचं.

अमेरिकेतल्या कॅशियस मार्सेलस कूलिज या चित्रकाराने हे करून दाखवलं. ब्राउन अँड बिगेलो या कंपनीच्या जाहिरातींसाठी १९०३पासून त्याने कुत्र्यांची चित्रं काढली. हिरव्या टेबलाभोवती बसलेले कुत्रे पत्ते खेळताहेत, चिरूट ओढताहेत, एक बुलडॉग टेबलाखालून पंजाने एक्का सरकवतो आहे. या कुत्र्यांना धनी नाही, त्यामुळे निष्ठाही नाही. ते कोणाची वाट बघत नाहीत आणि कोणासाठी मरत नाहीत. परिणाम असा की ही चित्रं पाहून कोणी रडत नाही, सगळे हसतात. कलेच्या जाणकारांनी ती कधी मनावर घेतली नाहीत. लोकांनी मात्र घरच्या भिंतींवर लावली. धनी गेला की कुत्रा लगेच माणसासारखा वागायला लागतो, हा त्यातला खरा विनोद.

काड्यांचा प्रश्न

चाहता प्रेमापोटी येतो की काही मिळतं म्हणून? या प्रश्नाने एका कुत्र्याचा मेल्यावरही पिच्छा सोडला नाही.

तोक्योचा हाचिको. त्याचे मालक उएनो हे विद्यापीठात शेतीशास्त्राचे प्राध्यापक. ते मे १९२५मध्ये अचानक वारले. कुत्रा त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं शिबुया स्टेशनवर येत राहिला. आधी लोक त्याला हाकलत असत. १९३२मध्ये वर्तमानपत्रात बातमी आली आणि तेच लोक त्याचे चाहते झाले. एप्रिल १९३४मध्ये स्टेशनबाहेर त्याचा पुतळा उभारला, तेव्हा अनावरणाला हाचिको स्वतः हजर होता. स्वतःच्या पुतळ्याला जिवंतपणी हजर राहण्याचं भाग्य फार थोड्यांना मिळतं, आणि तिथे भाषण न करण्याचा संयम त्याहून थोड्यांना.

तो मार्च १९३५मध्ये मेला. शवविच्छेदनात पोटात याकितोरीच्या, म्हणजे कोंबडीचे तुकडे ओवून भाजतात त्या काड्या सापडल्या. लगेच शंकेखोरांना बळ आलं: हा धन्यासाठी येत नव्हता, स्टेशनजवळच्या गाड्यांवरच्या मांसासाठी येत होता. नंतरच्या तपासणीत मृत्यूचं कारण काड्या नसून कर्करोग आणि हृदयातले जंत असल्याचं दिसलं. पण आरोप काही पुसला गेला नाही.

आरोप खरा धरला तरी काय बिघडतं? पंढरीला जाणारा वारकरी वाटेत पिठलं-भाकरी खातो म्हणून त्याची वारी खोटी ठरत नाही. जपानमधल्या आझाबू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५मध्ये दाखवलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या मुलातली ओढ घट्ट करणारं हेच संप्रेरक. पाळलेल्या लांडग्यांत तसं आढळलं नाही. २०१९मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. भुवईचा आतला कोपरा उचलण्यासाठी कुत्र्याला एक स्नायू असतो, जो लांडग्यात जवळजवळ नसतो. हजारो वर्षांच्या सहवासात आपण त्याला करुण चेहरा दिला आणि मग त्याच चेहऱ्याला भुलून ताटातली पोळी दिली. तेव्हा प्रेम कुठे संपतं आणि काडी कुठे सुरू होते, ही रेघ खुद्द निसर्गानेही आखलेली नाही.

२०१५मध्ये, हाचिकोच्या मृत्यूला ८० वर्षं झाली तेव्हा, तोक्यो विद्यापीठात आणखी एक शिल्प बसलं. त्यात प्राध्यापक परतले आहेत आणि कुत्रा मागच्या पायांवर उभा राहून त्यांच्या अंगावर झेपावतो आहे. आधीच्या पुतळ्यात नुसती वाट पाहणारा चाहता होता. इथे ज्याची वाट पाहिली तो माणूसही घडवला गेला.

बाजू पलटते तेव्हा

भारतीय परंपरेची खरी करामत अशी की तिने हे नातं उलटंही करून पाहिलं. महाभारताच्या अखेरीस पांडव हिमालय चढतात. द्रौपदी पडते, एकेक भाऊ पडतो. युधिष्ठिराबरोबर शेवटपर्यंत राहतो तो मागोमाग चालत आलेला एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला बाहेर ठेवायला सांगतो. युधिष्ठिर स्वर्ग नाकारतो. बंजाऱ्याच्या गोष्टीत परीक्षा कुत्र्याची होती आणि तो उत्तीर्ण होऊनही मेला. इथे परीक्षा धन्याची आहे. कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता हे पुढे उघड होतं, पण युधिष्ठिराने नकार दिला तेव्हा त्याच्या लेखी तो नुसता कुत्रा होता. चिठ्ठी वाचण्याआधीच त्याने काठी खाली ठेवली होती.

दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात आणि ते चार वेद आहेत असं सांगतात. छापील तसबिरींतून ही चौकडी महाराष्ट्रातल्या घराघरात पोचली. ज्ञानाचा सर्वोच्च ग्रंथ कसा दिसतो असं विचारलं तर आपल्या परंपरेने गावात फिरणारी चार कुत्री दाखवली. ज्याला आपण हाड्‌ म्हणतो, त्याच्या तोंडात काय आहे ते आधी पाहावं, असा त्याचा एक अर्थ लागतो.

आणि संत नामदेव. कुत्र्याने त्यांच्या पुढ्यातली भाकरी पळवली, तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी भाकरी त्याच्या घशात अडकू नये म्हणून. सगळ्या भूतांत विठ्ठल पाहणाऱ्या संताची ही आख्यायिका कीर्तनात हमखास येते आणि श्रोते हमखास हसतात. राजे, गवई आणि कंपन्या यांना चाहता म्हणून कुत्रा हवा होता. नामदेव हा एकच असा, जो स्वतः कुत्र्याचा चाहता होऊन त्याच्यामागे रस्त्यावर पळाला. त्या कुत्र्याने मात्र एकदाही मागे वळून पाहिलं नाही. तोंडात भाकरी आणि पाठीमागे वाटी घेऊन हाका मारत येणारा भक्त, अशा अवस्थेत जीव घेऊन पळण्याखेरीज दुसरं काय करावं, हे आजवर कुठल्याही नामवंताला समजलेलं नाही.